पोळा ते दिवाळी: जंगलकाठावर पडदा लावून पतंग कसे पाहायचे

पोळ्याची अमावस्या, मग सर्वपित्री, मग लक्ष्मीपूजनाची. विदर्भात रात्रीचे पतंग पाहायला शिकायचं असेल तर या तीन अमावस्यांच्या मागच्या-पुढच्या रात्री मोकळ्या ठेवा. पाऊस ओसरत आलेला असतो, पण जंगल अजून हिरवं असतं. साग, ऐन, धावडा, मोह यांच्या पानांवर पावसाळाभर पोसलेल्या अळ्या कोषात जाऊन पंख घेऊन बाहेर पडत असतात. पूर्वेकडे धान लोंबीवर आलेला असतो, पश्चिमेकडे कपाशीला बोंडं धरलेली असतात. जंगलातली आणि वावरातली पाखरं, म्हणजे हे पतंग, रात्री दिव्यापाशी टांगलेल्या एकाच पांढऱ्या कापडावर शेजारी-शेजारी बसलेली दिसतात ती याच दिवसांत.

भारतात फुलपाखरांच्या साधारण 1,300 जाती आहेत आणि पतंगांच्या 10,000 हून जास्त. फुलपाखरं दिवसा दिसतात म्हणून त्यांना नावं मिळाली, चाहते मिळाले. पतंगांच्या बाबतीत बहुतेक गावांच्या शिवारातली साधी यादीही कुणी केलेली नाही. त्यामुळे नवख्या माणसाने कापड लावून, फोटो काढून, तारीख आणि जागा नीट लिहून ठेवली तरी ते खरंखुरं काम होतं. त्यासाठी एकही कीटक मारायची गरज पडत नाही. खाली जे सांगितलंय ते सगळं जिवंत पाहून जिवंत सोडण्याबद्दल आहे.

रात्र कोणती निवडायची

चांदणं असलं की दिव्याचा जोर कमी पडतो. कोजागिरीच्या रात्री मसाला दूध प्या, पडदा लावू नका. अमावस्येच्या आधीचे तीन-चार दिवस आणि नंतरचे तीन-चार दिवस उत्तम. दिवाळीत मात्र गावाजवळ पणत्या, माळा आणि फटाक्यांचा धूर असतो, म्हणून वसुबारसेच्या दोन दिवस आधी बसलेलं बरं.

आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला आणि अंगाला चिकचिक होत असलेली रात्र असली की कापड काही वेळातच भरतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात अशा रात्री बऱ्याच मिळतात. हलकी भुरभुर चालते. जोराचा वारा मात्र सगळं बिघडवतो, कापड फडफडतं आणि बसलेलं पाखरू उडून जातं. दिवाळीनंतर रात्री गार होत जातात. पारा 15 अंशांच्या खाली उतरला की गर्दी ओसरते, तेव्हा उशिरापर्यंत जागण्यात फार हाती लागत नाही.

जागा आणि परवानगी

नवख्या माणसाने रात्री जंगलात जायचं नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागांत वाघ आणि बिबट्या गावाच्या सीमेपर्यंत येतात, अस्वलं बोडीवर (छोट्या तळ्यावर) पाण्याला येतात. मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा हे व्याघ्र प्रकल्प आहेत. तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आणि लेखी परवानगीशिवाय रात्री थांबणं हा गुन्हा आहे. पडदा लावायला जंगलाच्या आत शिरायची गरजही नाही. पतंगांना उजेडाची ओढ फार लांबून लागत नाही, ज्यांनी मोजून पाहिलं त्यांना बहुतेक पतंग काही दहा मीटरांच्या आतूनच येताना आढळले. म्हणजे झाडोऱ्याला लागून असलेलं एखादं घर, शाळेचं अंगण, वावरातली जागलीची झोपडी, वनविश्रामगृहाचं आवार एवढं पुरतं. समोर पन्नास-साठ पावलांवर मिश्र जंगल असावं, मागे भिंत किंवा माणसांची वस्ती असावी. तलाव, बोडी, नाला जवळ असेल तर पाण्यातले किडेही येतात.

मिश्र जंगल म्हणतोय ते मुद्दाम. नुसत्या सागाच्या लागवडीजवळ सागाचेच पतंग शेकड्याने येतील आणि बाकी थोडे. ऐन, मोह, तेंदू, पळस, मोई, करवंद, बांबू आणि खाली गुळवेल-वासनवेलीची जाळी असा झाडोरा असला तर विविधता दिसते, कारण बहुतेक अळ्या ठरावीक झाडांवरच वाढतात.

चार ठिकाणी आधी सांगून ठेवा: शेताचा मालक, पोलीस पाटील, बीटचा वनरक्षक आणि ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे ग्रामसभा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला असे हक्क 2009 मध्येच मिळाले, त्यानंतर विदर्भातल्या अनेक गावांना मिळाले. तिथल्या जंगलाबद्दलचा शब्द ग्रामसभेचाच. रात्री जंगलकाठी दिवा दिसला की शिकारीचा संशय येतो. आदल्या दिवशी जाऊन सांगितलेलं असलं की हेच लोक संध्याकाळी चहा घेऊन पडद्याशी बसतात.

शेतमालकाशी बोलताना आणखी एक गोष्ट विचारायची: धुऱ्यावर (बांधावर) तार कुठे आहे. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन बॅटरीवर चालतं, त्याचा धक्का बसतो पण सहसा माणूस मरत नाही. काही ठिकाणी मात्र चोरून थेट लाइन सोडलेली असते, आणि त्याने दरवर्षी विदर्भात माणसं आणि जनावरं दगावतात. अनोळखी वावरातून अंधारात एकट्याने चालायचंच नाही. मालक सोबत असला तरच जायचं, आणि जागा दिवसाउजेडी पाहून ठेवायची.

शेतकरी हमखास विचारतो, "किडे बोलावून राहिले का जी आमच्या वावरात?" प्रश्न रास्त आहे. पडदा पिकात लावू नका, पिकाच्या आणि जंगलाच्या मध्ये जंगलाकडे तोंड करून लावा, आणि त्याच जागी रोज लावू नका. एका दिव्याने काही तासांत पिकावर कीड वाढत नाही. उलट पिकावरचे कोणते पतंग उडू लागलेत हे त्याला आधीच कळतं. ते पुढे सांगतो.

दिवा

कीटकांच्या डोळ्यांना आपल्याला न दिसणारा अतिनील उजेड चांगला दिसतो. ज्या दिव्यात तो जास्त तो दिवा भारी.

लाइन भरवशाची असेल तर 160 वॅटचा मर्क्युरी बल्ब, चोक न लागणारा, साध्या होल्डरमध्ये बसणारा. पूर्वी रस्त्यावर, चौकात असायचे तेच. आता दुकानात कमी मिळतात, पण जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारलं तर निघतात. या बल्बची एक खोड लक्षात ठेवा: लाइन जाऊन लगेच आली तरी तो पेटत नाही, थंड व्हायला काही मिनिटं घेतो. तो खूप तापतो, पावसाचा थेंब पडला तर काच तडकते, म्हणून वर पत्र्याचा किंवा परातीचा आडोसा करा. बाहेरची काच फुटलेला बल्ब अजिबात पेटवू नका, आतला उजेड डोळे आणि कातडी भाजतो.

लाइनचा भरवसा नसेल, आणि कृषिपंपाची लाइन रात्रपाळीला असेल तेव्हा गावठाणातही ती कधी जाईल सांगता येत नाही, तर 12 व्होल्टच्या बॅटरीवर यूव्ही एलईडीची पट्टी. झटका मशीनची बॅटरी यासाठी चालते. पट्टी घेताना 365 नॅनोमीटरची मागा, 395 ची स्वस्त असते आणि जांभळी दिसते पण काम कमी करते. आठ वॅटची काळी ट्यूबही चांगली. यांच्याकडे टक लावून पाहू नका, शक्यतो चष्मा घाला. काहीच नसेल तर पांढराशुभ्र एलईडी बल्ब लावून सुरुवात करा. पिवळसर बल्बवर फार कमी येतात, म्हणूनच अंगणात किडे नको असतील तर तो लावायचा.

पाखरं दिव्याभोवती का फिरतात याचं उत्तर माहीत असलं की दिवा कुठे टांगायचा ते आपोआप कळतं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून दाखवलं की रात्री उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. लाखो वर्षं वरचं आकाश खालच्या जमिनीपेक्षा उजळच होतं, त्यामुळे उजेड पाठीला म्हणजे अंग सरळ, एवढा हिशेब त्यांना पुरत होता. दिवा बाजूला आला की ते त्याच्याकडे पाठ करून तिरपे होतात आणि गोल गोल फेऱ्यांत अडकतात. उजेड खालून आला तर उताणे होऊन पडतात. म्हणून दिवा जमिनीवर ठेवून वर रोखू नका. पडद्याच्या पुढे हातभर अंतरावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला टांगा. त्यांना दिवा आवडत नसतो, ते त्यात अडकतात. म्हणून दर दीड-दोन तासांनी वीस-पंचवीस मिनिटं दिवा बंद ठेवायचा. त्यांची सुटका होते, आपलंही चहापाणी होतं.

पडदा

पांढरी सुती चादर किंवा धोतर. सुतीच हवं, कारण नायलॉनवर पाखरांचे पाय टिकत नाहीत. दोन बांबू रोवा, मध्ये दोरी ताणून बांधा, कापड टांगा. वरून साधारण सहा फूट खाली यावं आणि आणखी तीन-चार फूट जमिनीवर पसरावं. जमिनीवरचा हा भाग विसरू नका. निम्मे भुंगे आणि जड अंगाचे पतंग कापडावर बसतच नाहीत, धडकून खाली पडतात. गवतात पडले तर दिसत नाहीत आणि पायाखाली येतात. खालच्या कडांवर दगड ठेवा. दोन्ही बाजूंना थोडं अंतर सोडून झुडपं असली तर अतिउत्तम, कारण बरेच बुजरे पतंग कापडापर्यंत न येता शेजारच्या पानांवरच थांबतात. अर्ध्या तासाने एकदा टॉर्च घेऊन ती पानं आणि मागची भिंतही पाहून यायची.

चादर सुगंधी पावडरने धुतलेली नको, आणि जवळ अगरबत्ती, कॉईल, फवारा काही नको.

बसायचं कसं, आणि काय येतं

सप्टेंबरअखेर सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो, दिवाळीत पावणेसहाच्याही आत. तिन्हीसांजेचा अंधार पडायच्या आधी सगळं बांधून तयार असावं.

पहिला अर्धा-पाऊण तास बारीकसारीक किड्यांचा. धानाच्या पट्ट्यात हिरवे आणि तपकिरी तुडतुडे इतके येतात की कापड मिरी-मिठासारखं दिसतं. त्यांच्या मागोमाग पाण्यातले काळे भुंगे टपाटप पडतात, शेणकिडे येतात, आणि हिरव्या जाळीदार पंखांची नाजूक क्रायसोपा येते. तिच्या अळ्या मावा खातात, ती शेतकऱ्याची मित्र आहे, हे सोबतच्या माणसांना इथेच दाखवून द्या. तलाव जवळ असला तर बोटभर लांबीचा पाणढेकूण येतो. त्याला हात लावू नका, त्याची सोंड फार दुखावते.

पावणेसात-सातनंतर लहान पतंग भरायला लागतात. इथे शेतकऱ्याला जवळ बोलवा. गवती पिवळ्या पंखांवर प्रत्येकी एक काळा ठिपका असलेली छोटी पाकोळी म्हणजे धानाच्या खोडकिड्याची मादी. सोनेरी पंख, त्यांवर गडद आडव्या रेषा आणि काळपट कड असलेली म्हणजे धानाची पानं गुंडाळणाऱ्या अळीची. मळकट करडी, सेंटीमीटरभर, लक्ष न दिल्यास सुटून जाणारी, ती कपाशीची गुलाबी बोंडअळी. 2017 च्या हंगामात विदर्भाने जिचा तडाखा सोसला ती हीच, पण अळी पाहिलेल्या अनेकांनी तिचं पाखरू कधी पाहिलेलं नसतं. तपकिरी पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग असेल तर तुरी-हरभऱ्यावरची घाटेअळी. पंखांवर पांढऱ्या रेषांचं आडवं-तिडवं जाळं असेल तर सोयाबीनची पानं खाणारी तंबाखूची अळी. एका रात्रीच्या आकड्यावरून फवारणी ठरवायची नसते, त्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नराला ओढणारे) आणि पिकाची पाहणी आहे. पण शेतकऱ्याने आपली कीड पंखांसकट ओळखणं ही फार मोठी गोष्ट आहे.

याच दिवसांत सागाकडे पाहा. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुरून अख्खा सागवान वाळल्यासारखा तपकिरी दिसतो, आणि जवळ जाऊन पान हातात घेतलं तर हिरवा भाग खाऊन नुसत्या शिरांची जाळी उरलेली असते. एवढ्या मोठ्या जंगलाची ही दशा करणारा पतंग पडद्यावर येतो तेव्हा विश्वास बसत नाही. दोन-अडीच सेंटीमीटरचं पिवळंधमक पाखरू, त्यावर लालसर नागमोडी रेषा. सागाची दुसरी शत्रू पावसाच्या सुरुवातीला येते. ती मुख्य शीर सोडून पूर्ण पान फस्त करते, जाळी ठेवत नाही. पानावरून कोणाचं काम आहे ते सांगता येतं, आणि दोन्हींमधून साग पुन्हा फुटतो.

आठच्या पुढे मोठे यायला लागतात. निमुळत्या पंखांचे, विमानासारखे अंगावर येणारे ते ससाणा पतंग. कण्हेरीवर वाढणारा हिरव्या-गुलाबी नक्षीचा, करवंदीवर वाढणारा तपकिरी, आणि तिळावर वाढणारा, पाठीवर कवटीसारखं चिन्ह असलेला. तिसरा मधमाश्यांच्या पोळ्यात घुसून मध पितो, हातात घेतला तर चिरचिर आवाज करतो. ससाणा पतंग उडायच्या आधी काय करतो ते अगदी जवळून पाहा. पंख अर्धवट उघडून तो थरथरायला लागतो, मिनिटभर थरथरतच राहतो. उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय त्याला उडताच येत नाही, ते तापवायचं काम चाललेलं असतं. त्या वेळी बोट लावून त्याचं तापणं मोडू नका.

वाघ पतंगांतला क्रिएटोनोटस गँगिस या भागात हमखास येतो: फिकट गुलाबी झाक असलेले पंख, मध्ये काळा पट्टा, पोट लाल. नर मादीला बोलावतो तेव्हा पोटाच्या टोकातून चार लांब, केसाळ नळ्या फुगवून बाहेर काढतो, त्या त्याच्या अंगाएवढ्या होतात. नवख्या माणसाला वाटतं कसला तरी रोग झाला. काही मिनिटांत त्या परत आत जातात.

खरी वाट पाहायची ती मध्यरात्रीनंतरच्या पाहुण्यांची. मोईच्या झाडांच्या भागात फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा चंद्र पतंग येऊ शकतो. आणि पूर्व विदर्भात, ऐन आणि अर्जुनाच्या जंगलात, कोशाचा पतंग. ज्याच्या कोषातून टसरचं रेशीम निघतं, ज्याच्यावर आरमोरीकडच्या ढिवर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं आणि ज्याचं सूत भंडाऱ्याच्या आंधळगावात विणलं जातं, तो हा. मादी पिवळसर आणि मोठी, नर विटकरी आणि थोडा लहान. चारही पंखांवर एकेक डोळा असतो आणि त्या डोळ्याच्या मध्यावर पंखाला खवलेच नसतात, काचेसारखं पारदर्शक असतं. टॉर्च बाजूने धरली तर त्या खिडकीतून खालच्या कापडाचे धागे दिसतात. त्याला तोंड असून नसल्यासारखं आहे, तो काहीच खात नाही. अळीने ऐनाच्या पानांवर साठवलेल्या शिदोरीवर आठवडाभर जगायचं, जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची, एवढंच त्याचं आयुष्य. म्हणून तो आला की दोन फोटो काढा आणि दिवा बंद करा. कुणी कोसा पाळत असेल त्या झाडांजवळ तर पडदा लावायचाच नाही, जोडी जमायच्या रात्री नर भरकटतात.

गुळाचा लेप

काही पतंग दिव्याकडे फारसे येत नाहीत, त्यांच्यासाठी गूळ. खूप पिकलेली केळी कुस्करा, त्यात गूळ आणि थोडं पाणी घाला, झाकण सैल ठेवून दोन दिवस आंबू द्या. तिन्हीसांजेला जुन्या कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून दिव्यापासून दूर, छातीच्या उंचीवर झाडाला बांधा. झाडाच्या सालीला थेट लेप लावू नका, सकाळी पट्ट्या सोडून घरी आणता आल्या पाहिजेत. अस्वलं असलेल्या भागात हा प्रकार पूर्णच टाळा, गोड आंबलेल्या वासाने ती येतात. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधून अर्ध्या-अर्ध्या तासाने पाहून या.

या पट्ट्यांवर येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीच्या संत्रा बागायतदाराच्या चांगल्या परिचयाचा आहे, नुकसान पाहून. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे भगवे आणि त्यांवर काळा डाग. याची सोंड इतकी टणक असते की ती संत्र्याची साल भोसकून रस ओढते. टाचणीएवढं छिद्र पडतं, त्यातून फळ सडतं आणि गळतं, तेही नेमकं आंबिया बहाराचं फळ पिकत असताना. त्याची अळी मात्र संत्र्याला तोंडही लावत नाही. ती गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते, म्हणजे बागेच्या धुऱ्यावरच्या आणि जंगलातल्या वेलींवर. बागायतदार म्हणूनच बागेच्या आसपासच्या या वेली काढतात आणि रात्री धूर करतात. बागेभोवतीचं ठीक, पण जंगलातली गुळवेल उपटत सुटायचं कारण नाही, तिच्यावर आणखी कितीतरी जीव जगतात.

रात्रभर बसायचं नसेल तर

झाकणाची बादली घ्या, झाकणाला भोक पाडून नरसाळं बसवा, त्याच्या वर यूव्ही पट्टी उभी करा. बादलीत अंड्यांचे कागदी ट्रे उभे-आडवे भरा, पतंग त्यांच्या खाचांत शांत बसतात. तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवा. रॉकेल, औषध, पाणी काही घालायचं नाही. शेतीतल्या प्रकाश सापळ्यात ते घालतात कारण तिथे मारायचं असतं, आणि त्यात क्रायसोपासारखे मित्रही मरतात. पहाटे उजाडायच्या आधी बादली सावलीत आणा, एकेक ट्रे अलगद उचलून फोटो काढा. पण सुरुवात पडद्यापासून करा. बादलीत काय सापडलं ते कळतं, ते कसं आलं आणि कसं वागलं ते कळत नाही.

अंग सांभाळा

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यांत खोचलेली, पायात गमबूट. डोक्याला आणि कानांना दुपट्टा बांधा, कारण बारीक भुंगे कानात शिरतात. शिरलाच तर काडी घालू नका, खाद्यतेलाचे दोन थेंब टाका आणि दवाखान्यात जा. कानाचा पडदा आधीच फाटलेला असेल तर तेलही नको. दिव्याशी बेडूक जमतात आणि बेडकांमागे साप. मण्यार आणि घोणस दोन्ही रात्री फिरतात, म्हणून टॉर्चशिवाय एक पाऊलही नाही, आणि कापड गुंडाळताना आधी झटकायचं. विंचू दगडाखाली असतो, कडेला ठेवलेले दगड सकाळी उचलताना हे आठवा.

गवतात बसू नका, खुर्ची किंवा ताडपत्री घ्या. पावसाळ्याच्या शेवटी गवतातल्या बारीक किटकुल्यांमुळे स्क्रब टायफस होतो, 2018 मध्ये नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. घरी गेल्यावर कपडे लगेच धुवा, आंघोळ करा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रात्री जंगलकाठी बसलो होतो हे आवर्जून सांगा. गडचिरोलीत मलेरियाही आहे. डासांचं मलम पायांना आणि मानेला लावा, तळहातांना नको, ते हाताळलेल्या पतंगाला बाधतं.

एक किडा ओळखून ठेवा: सेंटीमीटरहून लहान, बारीक, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, शेपटी वर उचलून मुंगीसारखा धावणारा. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्या रक्तातल्या पेडेरिन या विषामुळे दुसऱ्या दिवशी कातडी भाजल्यासारखी फोड येऊन सुजते. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर साबणाने लगेच धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. धानाच्या शेतात हाच किडा तुडतुडे खातो, म्हणून मारूही नका.

फोटो, नोंद आणि सकाळ

प्रत्येक पाखराचे दोन फोटो: एक वरून, पंख पूर्ण दिसतील असा, एक बाजूने. जवळ पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवून एक तरी फोटो घ्या, आकाराशिवाय ओळख अडते. मोबाइल पुरतो, फक्त फ्लॅशऐवजी शेजाऱ्याला टॉर्च तिरपी धरायला सांगा म्हणजे नक्षी उठून येते. पंख धरून उचलू नका, त्यावरची खवले निघतात. समोर बोट किंवा काडी ठेवा, ते स्वतः चढतं.

वहीत रात्रीच्या सुरुवातीला गाव, तारीख, तिथी, आभाळ, वारा, दिवा कोणता आणि आसपासची झाडं लिहा. मग प्रत्येक नव्या पाखरासमोर वेळ आणि फोटोचा नंबर. झाडांची नावं गावातल्या जाणत्या माणसांकडून घ्या, त्यांची बोलीतली नावंही लिहा. पतंगाची जात आज नाही कळली तरी उद्या कुणीतरी सांगेल, पण समोर कोणती झाडं होती हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

पहाटे पाच-साडेपाचला दिवा बंद करा. उजाडलं की कोतवाल, दयाळ आणि सातभाई पडद्याशी येतात आणि दमलेली पाखरं टिपून खातात. दोन रात्री सलग बसलात तर तिसऱ्या दिवशी ते तुमच्या आधी हजर असतात. त्याआधी उरलेले पतंग एकेक करून दाट झुडपाच्या आत, पानांच्या खालच्या बाजूला सोडा. जमिनीवरचं कापड शेवटी उचला, त्याखाली दबलेलं काही राहिलंय का पाहून.

ओळखीसाठी मॉथ्स ऑफ इंडिया आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ही दोन संकेतस्थळं आणि आयनॅचरलिस्ट हे अॅप वापरा. अॅप सुचवतं ते नाव लगेच खरं मानू नका, त्या जातीचे फोटो आणि नोंदी मध्य भारतातल्या आहेत का पाहा. कितीतरी लहान पतंग फोटोवरून फक्त कुळापर्यंत कळतात. तिथेच थांबून तेवढंच लिहावं, नाव लावायची घाई करू नये. व्याघ्र प्रकल्पाजवळची किंवा कुणाच्या घराजवळची नेमकी जागा टाकायची नसेल तर अॅपमध्ये ती झाकता येते. तिन्ही अमावस्या एकाच जागी, त्याच दिव्याने, तेवढेच तास बसलात तर पोळ्याला काय होतं आणि दिवाळीला काय उरलं याची तुलना वहीत आपोआप तयार होते. त्यासाठी जागा आणि दिवा पहिल्याच रात्री विचार करून ठरवा आणि मग बदलू नका.